सौंदर्यमुकुट : इनाम कीं सरंजाम ?

इतिहास-संशोधनाच्या पत्रांत सौंदर्यस्पर्धांचा विषय निघालेला पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. सनदा, महजर, शकावल्या व निवाडपत्रें यांच्या सहवासांत रमणाऱ्या मंडळींस मुकुट, पट्टा आणि छायाचित्रें हीं साधनें थिल्लर वाटण्याचाही संभव आहे. परंतु किताब कोणी दिला, कोणत्या अटींवर दिला, त्याबरोबर काय लाभलें आणि मोबदल्यांत काय करावें लागलें, हे प्रश्न आपण जुन्या कागदांस नेहमींच विचारतों. विसाव्या शतकांत उत्पन्न झालेल्या या नव्या किताबासही तेच प्रश्न विचारावयास हरकत नसावी. सौंदर्याची महती गाणें किंवा स्पर्धांचा निषेध करणें हा या लेखाचा हेतु नव्हे. स्पर्धेंत उतरणाऱ्या स्त्रीच्या हातीं प्रत्यक्ष काय पडलें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर प्रश्न असा आहे : इनाम एकदां मिळालें कीं सामान्यतः वंशपरंपरा चालतें व त्यास चाकरीची शर्त नसते, सरंजाम चाकरीसाठीं असतो, धन्याची मर्जी असेपर्यंत टिकतो आणि शर्त मोडल्यास जप्त होतो. सौंदर्यस्पर्धेचा मुकुट या दोहोंपैकीं कोणत्या वर्गांत पडतो ?

(१) किताब देणारा धनी

या किताबाचा उगम शोधूं लागलें असतां पहिली गोष्ट दिसते ती ही कीं, किताब देणारा धनी राजा किंवा सरकार नसून व्यापारी आहे. अमेरिकेंतील खेळतमाशांचा प्रसिद्ध चालक पी. टी. बार्नम यानें १८५४ सालीं स्त्रियांच्या सौंदर्याची चढाओढ लावण्याचा बेत केला. तो बेत लोकांस रुचला नाहीं; तेव्हां स्त्रियांनीं स्वतः न येतां आपलीं डागेरोटाइप पद्धतीचीं छायाचित्रें पाठवावीं, अशी तोड त्यानें काढली. पुढें सप्टेंबर १९२१ मध्यें अटलांटिक सिटी या समुद्रकांठच्या शहरांत स्पर्धा भरली. उन्हाळा सरतांच तेथील उतारगृहें ओस पडत. हंगाम आणखी कांहीं दिवस लांबावा म्हणून तेथील व्यापाऱ्यांनीं ही जत्रा उभी केली. तींत सोळा वर्षांची मार्गारेट गॉर्मन ही मुलगी विजयी झाली व तिच्यापासूनच 'मिस अमेरिका' या परंपरेची गणना होते.

'मिस वर्ल्ड' या किताबाची कुळकथाही निराळी नाहीं. १९५१ सालीं ब्रिटनमध्यें मोठा राष्ट्रीय महोत्सव झाला. नृत्यगृहें चालविणाऱ्या मेक्का कंपनीच्या एरिक मॉर्ली यानें त्या महोत्सवाच्या निमित्तानें लंडनांत पोहण्याच्या पोशाखांतील सुंदरींची स्पर्धा जाहीर केली. ती एकदांच व्हावयाची होती. परंतु गर्दी लोटलेली पाहून तिचें वार्षिक पर्व झालें.

'मिस युनिव्हर्स' या किताबाचा जन्म तर एका नकारांतून झाला. १९५१ सालची मिस अमेरिका योलांद बेटबीझ हिनें मुकुट मिळाल्यावर पोहण्याच्या पोशाखांत गांवोगांव फिरण्यास साफ नकार दिला. त्या पोशाखांचा कारखाना चालविणारी कॅटालिना कंपनी ही स्पर्धेची एक आश्रयदाती होती. तिनें आपला आश्रय काढून घेतला आणि १९५२ सालीं कॅलिफोर्नियांतील लाँग बीच येथें स्वतःची नवी स्पर्धा सुरू केली. विजयी स्त्रीनें धन्याचा माल अंगावर घालून मिरविला पाहिजे, ही अपेक्षा या प्रकरणांत उघड झाली. बेटबीझचा मुकुट शाबूत राहिला, कारण तो देणारी संस्था कॅटालिनाहून वेगळी होती. धनी एकच असता तर निकाल काय झाला असता, याचा वाचकांनींच विचार करावा.

(२) एक नांव, अनेक सनदा

हिंदुस्थानांत या किताबाची पहिली मानकरी म्हणून १९४७ सालच्या एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम ऊर्फ प्रमिला यांचें नांव घेतलें जातें. कलकत्त्याच्या बगदादी यहुदी घराण्यांत जन्मलेल्या प्रमिला मुंबईच्या बोलपटसृष्टींत नटी व पुढें निर्मात्या म्हणून नांवाजल्या. त्यांचा जन्म १९१६ सालचा. म्हणजे किताब मिळाला त्या सालीं त्या तिशींत होत्या, विवाहित होत्या आणि मुलांच्या आई होत्या.

१९५२ सालीं लाँग बीच येथें झालेल्या पहिल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेस हिंदुस्थानांतून इंद्राणी रहमान गेल्या. नृत्यांगना रागिणीदेवी यांच्या या कन्येचा विवाह वयाच्या पंधराव्या वर्षीं स्थापत्यविशारद हबीब रहमान यांच्याशीं झाला होता, आणि १९५२ सालीं त्या एका मुलीच्या आई होत्या. कपाळीं कुंकू व केसांत फुलें, अशा वेषांत त्या त्या परक्या मंचावर उभ्या राहिल्या. पुढें भरतनाट्यम्, कुचिपुडी व ओडिसी या नृत्यप्रकारांना देशोदेशीं मान मिळवून देण्यांत त्यांचें आयुष्य गेलें आणि १९६९ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. हा किताब त्यांच्या चरित्रांतील एक प्रकरण आहे. चरित्राचा आधार नव्हे.

स्पर्धक अविवाहित व निरपत्य असावी ही अट सौंदर्यस्पर्धेइतकीच जुनी आहे, असा सार्वत्रिक समज आहे. आपल्या देशापुरतें पाहिलें तर वरील दोन नांवांपुढें तो टिकत नाहीं. जी रूढि अनादि म्हणून सांगितली जाते ती पुष्कळदां मागल्या पिढींतलीच निघते, हा अनुभव संशोधकांस नवा नाहीं.

यानंतर किताब देण्याचें काम मुंबईच्या स्त्रीविषयक नियतकालिकांनीं हातीं घेतलें. टाइम्स ऑफ इंडियाच्या छत्राखालीं १९५९ सालीं निघालेल्या 'फेमिना'नें १९६४ सालीं स्पर्धा भरविली व तींत मेहेर मिस्त्री (पुढें कॅस्टेलिनो) विजयी झाल्या. 'ईव्हज वीकली' या दुसऱ्या साप्ताहिकाची स्पर्धा स्वतंत्र होती. परिणामीं १९६६ या एकाच सालीं दोन 'मिस इंडिया' झाल्या : 'फेमिना'च्या यास्मिन दाजी या मिस युनिव्हर्स स्पर्धेस गेल्या व तेथें चौथ्या आल्या, 'ईव्हज वीकली'च्या कु. रीटा फारिया या मिस वर्ल्ड स्पर्धेस गेल्या. दोन्ही किताब खरे, दोन्ही सनदा अस्सल. परंतु देणारे धनी निराळे.

संग्राहकांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. एखादा पट्टा, कार्यक्रमपत्रिका किंवा सहीचें छायाचित्र हातीं आल्यास त्यावर 'मिस इंडिया १९६६' एवढेंच टिपण करून भागणार नाहीं. किताब कोणत्या पत्राचा, कोणत्या गांवच्या स्पर्धेंतून वर आलेला व कोणत्या जागतिक स्पर्धेसाठीं दिलेला, हें नोंदविल्याशिवाय ती वस्तु साधन म्हणून उपयोगी पडत नाहीं. १९६५ सालच्या 'फेमिना' मिस इंडिया पर्सिस खंबाटा यांनीं १९९७ सालीं 'प्राइड ऑफ इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध करून किताब मिळविणाऱ्या स्त्रियांची माहिती एकत्र केली. स्वतः त्या वाटेनें गेलेल्या स्त्रीनें केलेला संग्रह म्हणून त्याची योग्यता आहे; तथापि तो गौरवग्रंथ आहे, हें विसरूं नये.

(३) पदरचा खर्च

कु. फारिया यांचें प्रकरण अधिक बारकाईनें पाहण्याजोगें आहे. गोमंतकीय आईबापांच्या पोटीं मुंबईंत जन्मलेल्या या मुलीनें ग्रँट मेडिकल कॉलेजांत वैद्यकाचें शिक्षण चालू असतांना आधीं 'मिस बाँबे' व मग 'मिस इंडिया' हे किताब मिळविले आणि १७ नोव्हेंबर १९६६ रोजीं लंडन येथें 'मिस वर्ल्ड' हा मुकुट जिंकला. आशिया खंडांतील स्त्रीस तो प्रथमच मिळाला.

या विजयाचें वर्णन वृत्तपत्रांनीं भरपूर केलें. त्यामागच्या तयारीचें वर्णन मात्र खुद्द विजयी स्त्रीच्या मागाहूनच्या आठवणींतूनच मिळतें. नेसावयाची साडी उसनी घेतलेली, पोहण्याचा पोशाख पर्सिस खंबाटा यांच्याकडून मागून आणलेला. तो अंगास नीट बसेना, म्हणून जवळ असलेल्या तीन पौंडांतून लंडनांत दुसरा घ्यावा लागला, असें त्यांनीं सांगितलें आहे. परकीय चलनाची त्या काळीं असलेली टंचाई ज्यांना ठाऊक आहे त्यांना या तीन पौंडांचा अर्थ समजावून सांगावयास नको.

अट्ठावीस वर्षांनंतरची गोष्टही याच जातीची आहे. १९९४ सालीं सुष्मिता सेन यांनीं 'फेमिना'चा मुकुट जिंकला व त्याच वर्षीं मनिला येथें मिस युनिव्हर्स हा किताब मिळविला. देशांतील अंतिम स्पर्धेसाठीं त्यांनीं घातलेला झगा दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारांतून पडद्याचें कापड आणून एका साध्या शिंप्याकडून शिवून घेतला होता व हातमोजे नव्या पायमोज्यांचे केले होते, ही हकीकत त्यांनीं स्वतःच जाहीरपणें सांगितलेली आहे.

अशा आठवणी वाचतांना आपण बखरींस जो नियम लावतों तोच लावणें अवश्य आहे. त्या विजय मिळाल्यावर, कित्येक वर्षांनीं, ऐकणाऱ्यांच्या कौतुकांत सांगितलेल्या आहेत. म्हणून त्यांतील प्रत्येक तपशील हिशेबाच्या कागदाइतका पक्का धरूं नये. परंतु त्यांतून एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते : मुकुट मिळेपर्यंतचा पोशाखाचा भार बव्हंशीं स्पर्धक व तिच्या घरच्यांवर होता. शिपायानें घोडा व हत्यार स्वतःचें आणून हजिरीस उभें राहावें, तशीच ही रीति होय. दुसरी गोष्ट अशी कीं, या आठवणी जिंकलेल्यांच्या आहेत. १९६६ सालीं लंडनांत पन्नासांच्या आसपास स्पर्धक होत्या. मुकुट एकीलाच मिळाला. जिंकलेलीची उसनी साडी ही कौतुकाची गोष्ट झाली. बाकीच्यांच्या उसनवारीची फेड त्यांच्या त्यांच्या घरीं झाली आणि ती कोणी लिहून ठेवली नाहीं.

(४) मुदत, शर्त व जप्ती

आतां मुकुट मिळाल्यानंतरची स्थिति पाहूं. मुकुटाची मुदत एक वर्षाची असते व त्या वर्षांत विजयी स्त्रीनें चालकांच्या सांगण्याप्रमाणें प्रवास, समारंभ व जाहिराती करावयाच्या असतात. कु. फारिया यांना डिसेंबर १९६६ मध्यें विनोदी नट बॉब होप याच्या मंडळीबरोबर व्हिएतनामांत लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांच्या मनोरंजनासाठीं जावें लागलें. हिंदुस्थानांत या दौऱ्यावर टीका झाली. तेवीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थिनीच्या शिरावर एकीकडे कराराचें बंधन व दुसरीकडे देशाच्या धोरणाचा रोष, असे दोन भार एकदम पडले. एका वर्षाच्या किताबांत परराष्ट्रकारणही समाविष्ट असेल, अशी कल्पना घरून निघतांना कोणास असणार !

वर्ष संपतांच त्यांनीं चित्रपट व जाहिराती यांचीं आमंत्रणें बाजूस सारून वैद्यकाचा अभ्यास पुन्हा हातीं घेतला, लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत शिक्षण चालविलें, डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशीं १९७१ सालीं विवाह केला आणि १९७३ पासून त्या डब्लिन येथें राहिल्या. मुदत संपल्यावर त्या मोकळ्या होऊं शकल्या, कारण परतण्यासाठीं त्यांच्यापाशीं दुसरी विद्या होती. ज्यांच्यापाशीं ती नव्हती त्यांना दुसरा धनी शोधणें भाग पडे.

शर्त मोडल्यास जप्ती होते, याचेही दाखले आहेत. १९५७ सालची मिस यू. एस. ए. लिओना गेज ही विवाहित असून दोन मुलांची आई आहे असें उघड होतांच तिचा किताब काढून घेण्यांत आला. १९७३ सालची मिस वर्ल्ड मार्जोरी वॉलेस हिच्या प्रेमप्रकरणांची चर्चा वृत्तपत्रांत वाढली, तेव्हां १०४ दिवसांनीं चालकांनीं तिला दूर केलें. १९७४ सालची मिस वर्ल्ड हेलन मॉर्गन ही एका मुलाची अविवाहित आई आहे अशी बातमी फुटल्यावर चार दिवसांतच तिनें स्वतः मुकुट सोडला. व्हेनेसा विल्यम्स ही मिस अमेरिका झालेली पहिली कृष्णवर्णी स्त्री. पूर्वीं काढलेलीं नग्न छायाचित्रें तिच्या संमतीवांचून एका मासिकानें छापल्यामुळें जुलै १९८४ मध्यें तिला पद सोडावें लागलें. २०१५ सालीं त्याच स्पर्धेच्या मंचावरून चालकांनीं तिची जाहीर क्षमा मागितली. क्षमा मागावयास एकतीस वर्षें लागलीं.

या चारही प्रकरणांत सौंदर्याविषयीं वाद नव्हता. निवड झाली त्या दिवशीं स्त्री जशी होती तशीच ती जप्तीच्या दिवशींही होती. बदल झाला तो धन्याच्या सोयींत.

(५) निकाल आणि त्यानंतर

स्पर्धेच्या निकालाचें स्वरूप समजण्यास एका मराठी मुलीचें उदाहरण पुरेसें आहे. १९९२ सालच्या मिस इंडिया मधु सप्रे या मूळच्या खेळाडू. बँकॉक येथील मिस युनिव्हर्स स्पर्धेंत त्या शेवटच्या तिघींत आल्या. देशाची सूत्रें हातीं आल्यास प्रथम काय कराल, अशा आशयाचा प्रश्न त्यांना विचारण्यांत आला. खेळांसाठीं मोठें क्रीडांगण बांधीन, असें त्यांनीं उत्तर दिलें. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीन यांस मिळाला व सप्रे तिसऱ्या ठरल्या. दारिद्र्य आणि भूक यांचें नांव न घेतल्यामुळें त्यांचा मुकुट हुकला, असें पुढें सर्वत्र बोललें गेलें. मैदानावर वाढलेल्या मुलीनें मैदान मागितलें, यांत नवल तें काय ? परंतु प्रश्न विचारणाऱ्यांस तिचें मत हवें होतें कीं त्या प्रसंगास शोभणारें उत्तर हवें होतें, हा भेद त्या कांहीं क्षणांत ओळखणें हाच परीक्षेचा खरा विषय होता. पुढील वर्षांत अशा प्रश्नांचीं उत्तरें घोटवून घेणारे शिक्षक स्पर्धेच्या तयारीचा नित्याचा भाग झाले.

मंचावरून उतरल्यावर प्रतिमाविक्रयाचा व्यवसाय, म्हणजे लोक ज्यास मॉडेलिंग म्हणतात तो, सुरू होतो. त्यांतील जोखीमही सप्रे यांच्याच चरित्रांत दिसते. १९९५ सालीं एका पादत्राणांच्या जाहिरातींत मिलिंद सोमण यांच्यासह वस्त्रांवांचून, अजगर अंगावर घेऊन काढलेलें त्यांचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. त्यावरून मुंबईंत अश्लीलतेचा खटला भरण्यांत आला व तो २००९ सालीं निर्दोष सुटकेनें संपला. छायाचित्र काढावयास एक दिवस पुरला असेल. त्याचा निवाडा चौदा वर्षें लोंबकळला. जाहिरात विसरली गेली तरी आरोपीचें नांव कोर्टाच्या पटावर राहिलें.

१९९६ सालीं बंगलोर येथें मिस वर्ल्ड स्पर्धा भरली, तेव्हां स्त्रीसंघटना व संस्कृतिरक्षक असे दोन्ही पक्ष निरनिराळ्या कारणांनीं विरोधास उभे राहिले; पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर न्यावी लागली, आणि मदुरा येथें एका तरुणानें निषेधार्थ स्वतःस जाळून घेतलें. त्या वादांत देशाची अब्रू, परंपरा, व्यापार व स्त्रीत्व या सर्वांची बाजू मांडण्यांत आली. स्पर्धक मुलींनीं कोणत्या करारावर सह्या केल्या होत्या, हा प्रश्न मात्र त्या गदारोळांत बाजूसच राहिला.

(६) समारोप

येणेंप्रमाणें मुकुट हें इनाम नव्हे. तो मुदतीचा, शर्तीचा व जप्त होऊं शकणारा सरंजाम आहे, असाच निर्णय करावा लागतो. तथापि सरंजामदार सर्वस्वीं परतंत्र असे असें आपण म्हणत नाहीं. त्या चाकरींतूनच कित्येकांनीं आपलीं घराणीं उभीं केलीं. मुंबईची उसन्या साडीतील विद्यार्थिनी आणि पडद्याच्या कापडाचा झगा घातलेली दिल्लीची मुलगी यांना जग पाहण्याचें दार या किताबानेंच उघडून दिलें, हें नाकारणें अन्यायाचें होईल. त्यांना कोणी पकडून नेलें नव्हतें. त्या आपल्या बुद्धीनें, हिंमतीनें व कित्येकदां घरच्यांचा धीर बांधून गेल्या. म्हणून त्यांस केवळ बळी समजणें चुकीचें, तसेंच केवळ भाग्यवती समजणेंही चुकीचें. त्यांनीं एक सौदा केला, आणि त्याच्या शर्ती दुसऱ्यानें लिहिलेल्या होत्या.

त्या शर्ती अलीकडे बदलत चालल्या आहेत. मिस वर्ल्डनें २०१५ पासून व मिस अमेरिकेनें २०१८ पासून पोहण्याच्या पोशाखाची फेरी बंद केली. मिस युनिव्हर्सनें २०२३ पासून विवाहित स्त्रिया व माता यांना प्रवेश दिला आणि २०२४ पासून वयाची वरची मर्यादाही काढली. वृत्तपत्रांनीं ही मोठी सुधारणा म्हणून वाखाणली. ती सुधारणा आहेच. परंतु एका मुलीची आई असलेल्या इंद्राणी रहमान याच स्पर्धेच्या पहिल्या वर्षीं, १९५२ सालीं, त्या मंचावर उभ्या होत्या, याची आठवण ठेवणें हें इतिहासाभ्यासकांचें काम आहे.

शेवटीं संग्राहक बंधुभगिनींस एक विनंति. या विषयाचे मुकुट व पट्टे जपले जातात, छायाचित्रांसही गिऱ्हाईक आहे. परंतु प्रवेशअर्ज, नियमपत्रकें, करारनामे, शिंप्याचीं बिलें, घरीं लिहिलेलीं पत्रें व नापसंतीचीं उत्तरें हीं रद्दींत जातात. निवडलेल्या एका स्त्रीचा इतिहास मुकुटावरून लिहितां येईल. न निवडलेल्या शेंकडों स्त्रियांचा इतिहास या कागदांवांचून लिहितां येणार नाहीं. ज्या मुली १९५० व १९६० च्या दशकांत मुंबई, पुणें, नागपूर वा पणजी येथील लहानमोठ्या स्पर्धांत उतरल्या त्यांपैकीं ज्या हयात आहेत त्या आज वृद्ध आहेत. त्यांच्या पेट्यांतील कागद कोणी मागितले तर त्या हंसतील, आणि मग कदाचित् पेटी उघडतील. मात्र त्या कागदांवर नांव त्यांचें आहे. म्हणून तें छापावें कीं न छापावें हें ठरविण्याचा अधिकारही त्यांचाच आहे. एकदां त्यांचें नांव दुसऱ्यांच्या शर्तींवर मिरविलें गेलें; आपण तरी तसें करूं नये.